निवड यादीत नाव का नाही?

डिसेंबर २०२५ च्या २० तारखेला मुंबईत टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारताचा संघ जाहीर झाला. पंधरा नावे वाचली गेली. त्यात अमरावतीच्या जितेश शर्माचे नाव नव्हते. अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, ९ डिसेंबरला, कटकच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताचा यष्टिरक्षक हाच होता. यष्टीमागे त्याने चार झेल घेतले होते. तरी विश्वचषकाच्या यादीत तो बसला नाही. वऱ्हाडात दोन-चार दिवस हळहळ झाली, कुणी निवड समितीला शिव्या घातल्या, कुणी 'नशीब' म्हणून सोडून दिले. आम्हाला मात्र हा विषय हळहळीवर सोडून द्यावा असे वाटत नाही.

आमचे काही वाचक विचारतील, चळवळीच्या दैनिकात हे क्रिकेटपुराण कशाला? विश्वचषक कुणीही जिंको, त्याने आमच्या वस्तीतल्या नळाला पाणी येणार आहे काय? प्रश्न रास्त आहे. पण आमचा विषय चेंडूफळीचा नाही. आमचा विषय यादीचा आहे. शिष्यवृत्तीची यादी, वसतिगृहाची यादी, नोकरभरतीची यादी, घरकुलाची यादी, प्रतीक्षा यादी, अनुशेषाची यादी. आपल्या माणसांचे निम्मे आयुष्य कुठल्या ना कुठल्या यादीत नाव शोधण्यात जाते. यादी लागली की गर्दी होते, बोट वरून खाली फिरते, आणि नाव नसले की माणूस मुकाट्याने सायकल काढतो. 'का नाही' हे विचारण्याची सवय आम्हाला बाबासाहेबांनी लावली. मग मैदानावरच्या यादीला तो प्रश्न का विचारू नये?

जितेशची जात-पात, आडनाव हा आमच्या चर्चेचा विषय नाही. त्याचा प्रवास हा विषय आहे, कारण अमरावती-अकोल्यातला जो पोरगा आज पहाटे मैदानावर धावतो आहे, त्याला याच वाटेने जायचे आहे.

हा प्रवास तारखांनिशी पाहू. जितेशचा जन्म २२ ऑक्टोबर १९९३ चा, अमरावतीचा. सैन्यदलात जावे हे लहानपणचे स्वप्न. राज्य पातळीवर खेळले तर त्याचा फायदा होतो, म्हणून आपण क्रिकेटकडे वळलो, असे त्यानेच मुलाखतीतून सांगितले आहे. म्हणजे खेळ ही चैन नव्हती, पुढच्या पोटापाण्याची तजवीज होती. आमच्या भागातल्या हजारो पोरांचे हेच आहे. कुणी कबड्डीच्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत उतरतो, कुणी धावण्याच्या जोरावर सैन्यात जातो. आमच्याकडे घाम गाळायचा तो आधी नोकरीसाठी, पदकाचा विचार मागाहून.

फेब्रुवारी २०१४ मध्ये जितेश विदर्भाकडून एकदिवसीय सामना खेळला. ऑक्टोबर २०१५ मध्ये रणजी सामन्यात पदार्पण झाले. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धेत त्याने ३४३ धावा काढल्या, त्यात एक शतक. देशभरातल्या फलंदाजांत तो पहिल्या तिघांत होता. त्या जोरावर २०१६ च्या आयपीएल लिलावात मुंबईने त्याला १० लाखांना घेतले. बावीस वर्षांचा पोरगा, मोठा संघ, मोठी नावे. वाटले, आता गाडी रुळावर आली.

पण गाडी फलाटावरच उभी राहिली. २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम तो मुंबईच्या संघात होता. एकही सामना खेळायला मिळाला नाही. २०१७ मध्ये मुंबईने आयपीएल जिंकली, पण त्याच्या नावावर एक चेंडूही नव्हता. त्यानंतर पाच वर्षे आयपीएलने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

इकडे घरच्या संघात काय चालले होते? २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने इतिहास घडवला. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळत आला, आणि पहिला रणजी करंडक हाती आला तो १ जानेवारी २०१८ ला, इंदुरात दिल्लीला हरवून. त्या अंतिम सामन्यात यष्टिरक्षक होता अक्षय वाडकर. त्याच हंगामात पदार्पण केलेल्या या पोराने अंतिम सामन्यात १३३ धावा ठोकल्या. पुढे तोच विदर्भाचा कर्णधार झाला आणि २०२४-२५ चा रणजी करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली आला.

आता सांगा, इथे अन्याय कुणी कुणावर केला? अकरा जणांच्या संघात फलंदाजांच्या पाच-सहा जागा असतात, गोलंदाजांच्या चार-पाच. यष्टिरक्षकाची जागा एकच. ती वाडकरने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवली. त्याला दोष देणे म्हणजे दुसऱ्या गुणवंताचा अपमान करणे होईल. आम्ही वकिली करतो. नोकरभरतीच्या प्रकरणांत आम्ही अशिलाला पहिल्याच भेटीत सांगतो, बाबा रे, तुझी निवड झाली नाही एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. एका जागेला दोन लायक उमेदवार असले तर एक बाहेर राहणारच. खरा प्रश्न पुढचा आहे. बाहेर राहिलेल्याने जायचे कुठे? पुन्हा सिद्ध करायला त्याला मैदान मिळते का? आणि त्याला बाहेर का ठेवले हे कुणी त्याच्या तोंडावर सांगते का?

जितेशच्या बाबतीत पहिल्या श्रेणीच्या सामन्यांची संख्या पाहा. २०१५ ला पदार्पण करूनही विदर्भाकडून त्याचे असे सामने वीसही भरले नाहीत. मग या पोराने काय केले? एक रस्ता बंद झाला तेव्हा त्याने दुसऱ्या रस्त्याचे काम शिकून घेतले. आधी तो डावाची सुरुवात करायचा. टी-ट्वेंटीत शेवटच्या चार-पाच षटकांत येऊन पहिल्या चेंडूपासून मारणारा माणूस दुर्मीळ असतो, हे ओळखून त्याने खालच्या क्रमांकाचे ते काम पत्करले. दहा-बारा चेंडू मिळतात, त्यात चूक झाली तर लोक नावे ठेवतात, चांगले झाले तरी मोठी धावसंख्या नावावर लागत नाही. असे अवघड काम त्याने अंगीकारले. २०२१-२२ च्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याने २१४ धावा काढल्या, त्या दर शंभर चेंडूंमागे २३५ या वेगाने. २०२२ च्या लिलावात पंजाबने २० लाखांना घेतले. ३ एप्रिल २०२२ रोजी मुंबईत चेन्नईविरुद्ध तो आयपीएलचा पहिला सामना खेळला आणि १७ चेंडूंत २६ धावा केल्या. लिलावात पहिल्यांदा नाव आल्यापासून पहिला चेंडू खेळेपर्यंत सहा वर्षे गेली होती.

त्यानंतरचे वाचकांना बरेचसे ठाऊक आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये ३०९ धावा. जानेवारी २०२३ मध्ये संजू सॅमसन जखमी झाला म्हणून भारतीय संघात बोलावणे आले, पण खेळायला मिळाले नाही. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळविरुद्ध भारताची टोपी डोक्यावर आली आणि तो संघ सुवर्णपदक घेऊन परतला. २०२४ चा आयपीएल हंगाम साधारण गेला आणि त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या यादीत नाव आले नाही. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बंगळुरूने ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ रोजी लखनौला २२८ धावांचा पाठलाग करताना, प्रभारी कर्णधार म्हणून, त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. आठवडाभरात, ३ जूनला, बंगळुरूने अठरा वर्षांत पहिल्यांदा आयपीएल जिंकली. अंतिम सामन्यात त्याच्या १० चेंडूंत २४ धावा होत्या, आणि बंगळुरूचा विजय अवघ्या सहा धावांचा होता.

तरीही स्थिर जागा मिळाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकाच्या संघात होता, एकही सामना खेळला नाही. त्याच वर्षी विदर्भ सोडून तो बडोद्याकडे गेला. नोव्हेंबरात होबार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३ चेंडूंत नाबाद २२ काढून सामना जिंकून दिला. डिसेंबरात कटक. आणि मग २० डिसेंबरची ती यादी.

या सगळ्यातून वर्तमानपत्रे काय काढतात? 'जिद्दीची कहाणी', 'मेहनतीचे फळ', 'अमरावतीच्या सुपुत्राची गगनभरारी'. वाचायला गोड आहे. पण या गोडव्यात एक विष आहे. मेहनत केली की फळ मिळतेच असे एकदा मानले, की ज्याला फळ मिळाले नाही त्याने मेहनतच केली नाही असा निष्कर्ष आपोआप निघतो. आपल्या समाजाला हा युक्तिवाद नवा नाही. 'शिकले नाहीत म्हणून मागे राहिले' असे म्हणणारे शाळेचे दार कुणी बंद केले होते ते सांगत नाहीत. जितेशने मेहनत केली यात शंका नाही. पण त्याच्याइतकीच मेहनत करणारे आणि कुठल्याही यादीत न आलेले किती, याची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

बाकावर बसणाऱ्याचे दुःख काय असते ते नीट समजून घेतले पाहिजे. आयपीएलचा हंगाम दोन महिन्यांचा. संघात वीस-पंचवीस जण, खेळतात अकरा-बारा. उरलेले जाळ्यात सराव करतात, मैदानावर पाणी नेतात, टाळ्या वाजवतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या फळीचे सामने नाहीत. विदर्भाचाच वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडे याला पंजाबने २०१९ ला घेतले. तीन हंगाम तो बाकावर होता. आयपीएलचा पहिला सामना मिळाला तो २०२२ मध्ये, गुजरातकडून. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, याच पोराने मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकचे चार गडी लागोपाठच्या चार चेंडूंवर टिपले होते.

ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. अंडाकृती मैदान, लांबट चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू. तिथल्या मोठ्या क्लबांकडे चाळीसच्या आसपास पोरे करारावर असतात. ज्याला पहिल्या संघात जागा मिळाली नाही तो त्या आठवड्यात राखीव संघाकडून खऱ्या स्पर्धेत, खरा सामना खेळतो. त्याच्या कामगिरीची नोंद होते, पुढच्या आठवड्याची यादी करताना ती समोर असते. तिथेही पोरे वर्षानुवर्षे वाट पाहतात, निराश होतात, काही खेळ सोडतात. पण वाट पाहण्याच्या काळात त्यांच्या हातातला खेळ काढून घेतला जात नाही. आपल्याकडे वगळलेल्याला आधी खेळापासून तोडतात आणि वर्षभराने 'सध्या खेळात नाही' म्हणून पुन्हा वगळतात. नोकरीत अनुभव नाही म्हणून घेत नाहीत आणि घेत नाहीत म्हणून अनुभव येत नाही, तोच हा फेरा.

अकोल्याकडे वळू. अकोल्याचा आदित्य ठाकरे हा वेगवान गोलंदाज. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात, म्हणजे थेट निर्णायक लढतीत, त्याने पदार्पण केले. लगेच १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला जखमी खेळाडूच्या जागी त्याला बोलावले गेले. अकोल्याचाच अथर्व तायडे. त्याच हंगामात १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने ३२० धावा काढल्या आणि विदर्भाने तो करंडक जिंकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला इराणी चषकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध १४३ धावा करून सामनावीर ठरला. सतरा-अठराव्या वर्षी त्रिशतक ठोकणाऱ्या या पोराचे नाव त्या सामन्यापर्यंतच्या आठ वर्षांत भारताच्या वरिष्ठ संघाच्या यादीत आले नव्हते. मे २०२३ मध्ये धरमशाळेला पंजाबकडून खेळताना तो ५५ वर नाबाद असताना, धावांचा वेग वाढावा म्हणून संघाने त्याला परत बोलावले आणि त्याच्या जागी जितेशला पाठवले. अकोल्याच्या पोराने जागा रिकामी करायची तेव्हा अमरावतीच्या पोराला ती मिळणार. दोघेही वऱ्हाडाचे, दोघेही लायक, आणि जागा एक.

पोरींचेही पाहा. अमरावतीचीच भारती फुलमाळी. मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून दोन टी-ट्वेंटी सामने खेळली. दोन सामन्यांत धावा कमी झाल्या आणि नाव गेले. सहा वर्षांहून अधिक काळ ती विदर्भाकडून खेळत राहिली. मार्च २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१ धावा काढल्या तेव्हा लोकांना तिची आठवण झाली. जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठीच्या टी-ट्वेंटी संघात तिचे नाव पुन्हा आले. चोविसाव्या वर्षी गेलेले नाव एकतिसाव्या वर्षी परत आले. खेळाडूच्या आयुष्यातली सर्वात उमेदीची वर्षे मध्येच निघून गेली. दोन सामन्यांवर माणसाची किंमत ठरवायची हा कुठला न्याय?

जितेश आणि भारती, दोघांनाही जगाने पाहिले ते लिलावाच्या आणि दूरचित्रवाणीच्या बाजारामुळे. 'माणसांचा लिलाव' हा शब्द आम्हाला कधीच रुचला नाही. पण बाजाराला जे दिसले ते पायरी-पायरीच्या व्यवस्थेला इतकी वर्षे का दिसू नये, हे विचारलेच पाहिजे. बाजार धनी माणसाच्या गरजेने चालतो. आज त्याला शेवटच्या षटकांत मारणारा हवा, उद्या नको. अशा बाजाराच्या मेहेरबानीवर जिल्ह्यातल्या पोरांचे भवितव्य सोडणे हे धोरण होऊ शकत नाही.

निवडीचा हा प्रश्न आमच्या समाजाने फार पूर्वी भोगला आहे. चांभार समाजातले पालवणकर बाळू १८९२ च्या सुमारास पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचे काम करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांच्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला, या माणसाला संघात घ्यायचे कसे? घेतले, कारण त्याच्याशिवाय जिंकता येईना. मैदानात सर्वांनी त्याच चेंडूला हात लावला, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला गेला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. १९२० साली धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याला कर्णधार केले तेव्हा पालवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जाहीरपणे वृत्तपत्रातून मांडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हा इतिहास आमच्या वाचकांना ठाऊक आहे. राजकारण वेगळे, पण मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्याने पुसला जात नाही. या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट ही, की गुणवत्तेमुळे संघात प्रवेश मिळाला, पण मान मिळायला जाहीर जाब विचारावा लागला.

आता कायद्याचे पाहू. खेळाडूला वगळले तर कोर्टात जाता येते काय, असे पालक आम्हाला विचारतात. उत्तर सरळ आहे. कोर्ट कुणाचा फटका चांगला आणि कुणाचा झेल बरा याचा निवाडा करीत नाही. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकपूर्वी कुस्तीगीर सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. ७४ किलो वजनगटात महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या नरसिंग यादवशी आपली चाचणी कुस्ती लावावी अशी त्याची मागणी होती. दोन ऑलिम्पिक पदकांचा धनी असूनही त्याची याचिका फेटाळली गेली. निवड हे तज्ज्ञांचे काम, हे तत्त्व कोर्टाने कायम ठेवले. पण नियम धाब्यावर बसवले, पक्षपात केला, तर कोर्टाचे दार बंद नाही. झी टेलिफिल्म्स प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाला घटनेच्या कलम १२ खालचे 'राज्य' मानले नाही, मात्र कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते हे मान्य केले. २०१५ मध्ये बिहारच्या प्रकरणात मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते यावर शिक्कामोर्तब झाले आणि लोढा समिती आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. म्हणजे 'आमची खाजगी संस्था, आम्ही वाटेल त्याला घेऊ' हे म्हणण्याचे दिवस कायद्याने संपवत आणले आहेत.

तरी कायदा वर बदलतो आणि खाली पोचायला वर्षे लागतात. विश्वचषकाच्या यादीत जितेश नव्हता तेव्हा निवड समितीच्या अध्यक्षांना आणि कर्णधाराला पत्रकारांपुढे बसावे लागले. वरच्या क्रमांकावर फलंदाजी करणारा यष्टिरक्षक हवा होता, असे कारण त्यांनी दिले. जितेश खालच्या क्रमांकावरचा, म्हणून तो बसला नाही. हे कारण कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण कारण दिले गेले. त्याच्यावर वाद घालता येतो, खेळाडूला आपल्यात काय बदलायचे ते कळते. आता जिल्ह्याच्या पंधरा वर्षांखालील मुलांच्या चाचणीचा विचार करा. दोनशे पोरे येतात. प्रत्येकाला चार-सहा चेंडू. संध्याकाळी कागद लागतो. ज्याचे नाव नाही त्याला कोण काय सांगते? बारा-तेरा वर्षांचे पोर बॅट पिशवीत घालून घरी जाते आणि आपण नालायक आहोत असे धरून चालते. देशाच्या संघातून वगळताना कारण द्यावे लागते. मूर्तिजापूरच्या पोराला वगळताना द्यावे लागत नाही. खरी विषमता इथे आहे.

अंतराचाही हिशेब आहे. विदर्भ क्रिकेटचे मोठे मैदान, निवड समितीच्या बैठका, सारे नागपुरात. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. सकाळी आठला मैदानावर हजर राहायचे तर अकोल्याच्या पोराला रात्रीची गाडी धरावी लागते. सोबत बाप आला तर त्याची एक दिवसाची रोजी बुडते. झोप न झालेल्या पोराने नागपुरात घरच्या अंथरुणावरून उठून आलेल्या पोराशी बरोबरी करायची. दोघांना सहाच चेंडू, म्हणून समान संधी! वळणीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला तेव्हा विदर्भाच्या संघातून तिथवर पोचलेला तो पहिलाच. अर्ध्या शतकात एकच माणूस लायक होता, असे कोण म्हणेल?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्या कुठल्याही खेळाला लागू आहेत. जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक निवड चाचणीची तारीख, ठिकाण आणि निकष आठ दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर व्हावेत. पहिली चाचणी तालुक्याला व्हावी आणि निवडणाऱ्यांनी पोरांकडे जावे. बाहेरगावच्या मुलाला प्रवासखर्च आणि एक रात्र मुक्कामाची सोय मिळावी. वगळलेल्या मुलाला दोन ओळी लेखी द्याव्यात, कशात कमी पडला आणि पुन्हा कधी यायचे. वकिलीच्या भाषेत याला सकारण आदेश म्हणतात. तहसीलदाराला तो द्यावा लागतो, तर निवड समितीला का नको? आणि न निवडलेल्यांसाठी दुसऱ्या फळीचे सामने व्हावेत, त्यांची धावपुस्तिका जपली जावी.

ही यादी करण्यासाठी करोडो रुपये लागत नाहीत. लागते ती इच्छा, आणि इच्छा नसेल तर दबाव. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था उभी आहे, तिथल्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. म्हणजे या मातीत खेळाची परंपरा नाही असे कुणी म्हणू शकत नाही.

पोरांनाही दोन शब्द. जितेशकडून फटका शिकाल तर शिका, पण आधी त्याची दुसरी गोष्ट शिका. जागा भरलेली आहे हे दिसल्यावर त्याने रडगाणे न गाता कोणते काम रिकामे आहे ते शोधले आणि त्यात हात बसवला. आणि आमचा वकिली सल्ला असा, की प्रत्येक सामन्याचा कागद जपा. किती चेंडू, किती धावा, किती बळी, तारीख, मैदान, पंचाची सही. तोंडी गुणवत्ता कुठल्याच दरबारात चालत नाही. ज्याच्याकडे नोंद आहे त्याला कुणी सहज उडवून लावू शकत नाही. पालकांनी वस्तीवस्तीत मिळून अशी वही ठेवावी, शिकलेल्या पोरांनी ती लिहावी. विहाराच्या कपाटात वर्गणीच्या वहीशेजारी ही एक वही राहिली तर काही बिघडत नाही.

यादीत नाव नसले तर वाईट वाटून घ्या, तो माणसाचा स्वभाव आहे. पण त्यानंतर दोन प्रश्न विचारा. पहिला स्वतःला, मी कुठे कमी पडलो? दुसरा यादी करणाऱ्याला, कारण काय? पहिला प्रश्न विचारायला आपल्याला सगळेच शिकवतात. दुसरा विचारायला कुणी शिकवत नाही. तो आपणच एकमेकांना शिकवला पाहिजे.